गोव्यातल्या चर्चच्या तीन थैल्या: राजाची, संघांची आणि गावाची

खाजणबांध

पोर्तुगीज गोव्यावरचा धागा निघाला की दुसऱ्या-तिसऱ्या प्रतिसादात तो इन्क्विझिशनवर (चर्चच्या धर्मन्यायालयावर) जातो आणि पन्नासाव्याला संपादकांना कुलूप लावावं लागतं. म्हणून आधीच सांगतो, मला इथे हिशेब हवा आहे. जुन्या गोव्यात एवढी प्रचंड चर्चं आणि मठ उभे राहिले, गावोगाव पाद्री बसले. त्यांचा रोजचा खर्च कुणाच्या खिशातून जात होता? आणि ज्याच्या खिशातून जात होता, त्याचं चर्चवर किती चालायचं?

माझं मत असं की 'चर्च' नावाची एकसंध संस्था तिथे नव्हतीच. पैशाच्या तीन थैल्या होत्या आणि प्रत्येक थैलीचा धनी उरलेल्या दोघांशी भांडत होता.

पहिली थैली राजाची. पंधराव्या शतकात पोपांनी पोर्तुगालच्या राजाशी व्यवहार केला. समुद्रापलीकडच्या मुलखात धर्मप्रसार तुम्ही करा, चर्चं बांधा, पाद्र्यांना पोसा. बदल्यात तिथला दशांश (उत्पन्नाचा दहावा हिस्सा) तुम्ही गोळा करा आणि बिशप कोण हेही तुम्हीच सुचवा. हाच पाद्रोआदो. १५१० मध्ये आल्बुकर्कने गोवा घेतला, १५३४ मध्ये बिशपची गादी झाली, पुढे वीस-पंचवीस वर्षांत ती आर्चबिशपची झाली. पण गादीवर कोण बसणार हे लिस्बनला ठरायचं. आर्चबिशप हा जवळजवळ सरकारी अधिकारीच. आलेशो द मेनेझिश तर १६०७ ते १६०९ आर्चबिशपही होता आणि गव्हर्नरही. फर्मान काढणारा तोच आणि त्याला आशीर्वाद देणाराही तोच.

दुसरी थैली संघांची (व्रतस्थ पाद्र्यांच्या संघटनांची), म्हणजे फ्रान्सिस्कन, जेझुइट, डॉमिनिकन, ऑगस्टिनियन यांची. यांनी मुलूख वाटून घेतला होता. बारदेश फ्रान्सिस्कनांकडे, साष्टी जेझुइटांकडे (गोव्यातली साष्टी, ठाण्याची नव्हे). तिसवाडीत जेझुइट आणि डॉमिनिकन. त्यांची गावंच्या गावं होती, नारळाची भाटं होती, मृत्युपत्रांतून आलेल्या इस्टेटी होत्या, व्याजाने लावलेला पैसा होता. व्हाइसरॉय तीन वर्षांनी बदलायचा, संघ मात्र दोनशे वर्षं तिथेच. राजाने वारंवार हुकूम पाठवले की संघांनी आता आणखी जमीन घेऊ नये. हुकूम वारंवार पाठवावा लागतो याचा अर्थ आपल्याला कळतोच.

तिसरी थैली गावाची, आणि माझ्या मते खरा खेळ तिथेच आहे. पोर्तुगीज यायच्या आधीपासून गोव्यात गांवकरी होती. गावची जमीन गांवकरांच्या सामाईक मालकीची, शेतांचा दर काही वर्षांनी लिलाव, त्या उत्पन्नातून राजाचा सारा, बांधांची दुरुस्ती, देवळाचा खर्च, आणि उरलं ते गांवकरांत वाटायचं. पोर्तुगीजांनी ही व्यवस्था मोडली नाही. १५२६ मध्ये आफोंसु मेशियाच्या सनदेने ती लिहून काढली, कारण सारा वसूल करायला तिच्याइतकं सोयीचं दुसरं काही नव्हतं.

१५४० च्या सुमारास तिसवाडीतली देवळं पाडली गेली. देऊळ पाडायला फार दिवस लागत नाहीत, पण देवळाच्या जमिनी जागेवरच होत्या. दिवटीवाला, फुलवाला, वाजंत्री, भाविणी यांना नेमून दिलेली शेतं होती आणि त्यांचं उत्पन्न दरवर्षी येत होतं. १५४१ मध्ये खजिन्याचा मुख्य अधिकारी फेर्नांव रोद्रिगिश कास्तेलु ब्रांकु याने गांवकरांना बोलावलं आणि ठरलं की या जमिनींचं उत्पन्न, वर्षाला २,००० तांगा (तेव्हाचं नाणं), आता चर्चच्या कामी लागेल. जुना पाट तसाच ठेवून पाणी दुसऱ्या शेतात वळवावं तसं. त्याच वर्षी सुरू झालेल्या सांता फे बंधुसंघाला आणि त्याच्या विद्यालयाला हा पैसा मिळाला. तेच विद्यालय पुढे जेझुइटांच्या हाती जाऊन सेंट पॉल कॉलेज झालं. आशियातला पहिला युरोपीय छापखाना १५५६ मध्ये तिथे लागला. त्याच्या पायात तिसवाडीतल्या देवांच्या शेताचं भात आहे, असं मी म्हणतो.

साष्टीत हेच १५६७ नंतर झालं. रायतूर किल्ल्याच्या कप्तानाने देवळं पाडली आणि उत्पन्न नव्या चर्चांकडे वळलं.

बाकीचं प्रतिसादांत बोलू.

मोडीवाचक

लेख चांगला, पण 'ठरलं' हा शब्द टोचला. कोण ठरवणार? देऊळ डोळ्यांदेखत पाडलंय, समोर खजिनदार बसलाय, दाराशी शिपाई उभे आहेत. अशा बैठकीच्या कागदावर 'गांवकरांनी स्वखुशीने दिले' असं लिहिलेलं असतं. आमच्याकडच्या वतनांच्या कागदांतही 'आत्मसंतोषे लिहून दिले' असतं आणि खाली ज्याने लिहून दिलं त्याची दैना दुसऱ्या कागदात सापडते.

खाजणबांध

@मोडीवाचक, स्वखुशीने दिलं असं मीही म्हणत नाही. पण नुसती जबरदस्ती म्हटलं तरी चित्र अपुरं राहतं. ज्या गांवकरांनी होकार दिला त्यांची गांवकरी शाबूत राहिली. जमिनीच्या लिलावाचा आणि वाटणीचा अधिकार त्यांच्याकडेच राहिला. सौदा बळजबरीचा होता, तरी त्यात दोन्ही बाजूंना काहीतरी मिळालं. ज्यांना काहीच मिळालं नाही ते देव घेऊन खाडीपार गेले. कुठ्ठाळीचा मंगेश प्रियोळला, केळशीची शांतादुर्गा कवळ्याला, वेर्ण्याची म्हाळसा म्हार्दोळला. देव हलले, जमिनी मागे राहिल्या.

कुळागर

हांव गोंयची, म्हणून जरा सविस्तर लिहिते. मूळ लेखात गांवकर बिचारे दिसतात, ते मला पटत नाही.

गांवकर म्हणजे गाव नव्हे. गावात मुंडकार (दुसऱ्याच्या जमिनीत घर करून राहणारे) होते, कुळं होती, खाजणात (खाडीकाठच्या बांध घातलेल्या शेतांत) चिखल तुडवणारे होते, त्यांचा गांवकरीत एक पैचा वाटा नव्हता. जोण (उरलेल्या उत्पन्नातला वाटा) मिळायची ती गांवकरांच्या मुलग्यांना. धर्म बदलल्यावरही हे बदललं नाही. बामण बामणच राहिला, चाड्डो (गोव्यातला क्षत्रिय) चाड्डोच, फक्त नाव बदललं. आणि चर्चने ही उतरंड मोडायच्या ऐवजी तिला चर्चमध्येच जागा दिली.

कशी, तर कोंफ्रारिया. म्हणजे चर्चमधले बंधुसंघ. एक गांवकरांचा, एक बाकीच्यांचा, काही ठिकाणी जातवार तीन-तीन. लाल झगा घालून मिरवणुकीत पुढे चालायचा मान एका संघाचा, दुसऱ्याचा झगा निळा. फेस्ताचा (चर्चच्या सणाचा) प्रेजिदेंत म्हणजे अध्यक्ष कोण, पालखीसारखा पुतळा कोण उचलणार, पहिल्या बाकावर कोण बसणार, यावरून पिढ्यान्‌पिढ्या भांडणं. काही गावांत ही प्रकरणं पोर्तुगीज गेल्यानंतरही कोर्टात चालू राहिली.

आणि खर्च? चर्चचं छप्पर, मेणबत्त्या, वाद्यं, फेस्त, व्हिकाराचा (चर्चच्या मुख्य पाद्र्याचा) काही भत्ता, हे सगळं गांवकरी (पुढे जिला कोमुनिदाद म्हणू लागले) आणि कोंफ्रारिया देत. म्हणजे पाद्री गोरा असो की काळा, गावात त्याला गांवकरांशी जमवून घ्यावं लागे. पाद्र्याने फार ताठा दाखवला तर हिशेब अडायचा. तेव्हा 'चर्चने गाव गिळलं' हे अर्धंच खरं. गावच्या वरच्या जातींनीही चर्चला आपल्या पंखाखाली घेतलं होतं. गांवकर जमीनदार, त्याचा एक मुलगा पाद्री, दुसरा वकील. एकाच घरात तिन्ही सत्ता.

अर्थात हिंदू गांवकरांना हे कुठलंच दार उघडं नव्हतं. ख्रिस्ती गांवकर हजर नसतील तर सभेचा ठराव चालायचा नाही, यादीत त्यांची नावं आधी, असे नियम सोळाव्या शतकातच आले. धर्म न बदलता गावात राहायचं तर आपल्याच जमिनीच्या बैठकीत मागे बसायचं.

टवाळ_कार्टा

सगळं ठीक. पण इन्क्विझिशनने जप्त केलेल्या मालमत्तेचं काय? ती कुठल्या थैलीत? (कुलूप लागण्याआधी विचारून घेतो.)

खाजणबांध

रास्त प्रश्न. ती कागदोपत्री राजाच्या खजिन्याची, पण न्यायाधिकरणाचे पगार, कारागृह, नोकरचाकर यांचा खर्च त्यातूनही भागायचा. म्हणजे जो आरोप ठेवतो त्याचंच पोट जप्तीवर, ही गोम आहेच. १५६० ते १८१२, मध्ये १७७४ ते १७७८ बंद. सोळा हजारांवर माणसांवर खटले झाले. लोक त्या इमारतीला व्हडलें घर (मोठं घर) म्हणायचे. आदिलशहाचा जुना वाडा तो. बंद झाल्यावर बरीचशी दफ्तरं जाळली गेली, त्यामुळे तिथल्या पैशाचा हिशेब पाई-पैशापर्यंत आता कुणालाच लावता येणार नाही.

एक गोष्ट मात्र लक्षात घ्या. तिथला मुख्य न्यायाधीश आर्चबिशपचंही ऐकत नसे आणि व्हाइसरॉयचंही. म्हणजे चर्चच्या आतच आणखी एक सत्ता.

अर्नाळकर

वसईकडून. आमच्याकडे तिसरी थैली गोव्याइतकी जाड नव्हती, कारण उत्तर प्रांतात (वसईकडच्या पोर्तुगीज मुलखात) गांवकरीची घडी तशी नव्हती. इथे राजाने गावं पोर्तुगीज सरदारांना तीन पिढ्यांच्या मुदतीने दिली होती. सरदाराने वर्षाला ठरलेला खंड द्यायचा, घोडा आणि हत्यार बाळगायचं. पण वारस उरला नाही, किंवा विधवेने मृत्युपत्र केलं, की गाव संघाच्या पदरात. वसई किल्ल्यात आजही फिरा, डॉमिनिकन, फ्रान्सिस्कन, जेझुइट अशा सगळ्यांचे अवशेष हाताच्या अंतरावर आहेत. आणि लढायची वेळ आली तेव्हा घोडे कमी पडले.

१७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई घेतली. घंटा देवळांत गेल्या, नाशकात नारोशंकराची आणि मेणवलीची सगळ्यांना ठाऊक आहे. पण तुमच्या मुद्द्याला धरून सांगायचं तर, मागे राहणाऱ्या ख्रिस्तींना धर्म पाळायची मोकळीक तहात होती. गेले ते गोरे संघवाले आणि त्यांच्या जमिनी. चर्चं पुढे चालवली ती गोव्याहून आलेल्या देशी पाद्र्यांनी, गावच्या वर्गणीवर. पेशवाईच्या काळात वसईचं ख्रिस्तीपण टिकलं ते राजाच्या थैलीशिवाय आणि संघांच्या थैलीशिवाय.

पागोळी

@अर्नाळकर, हा मुद्दा फार आवडला.

मुंबईत तर आणखी गंमत. १६६५ मध्ये बेट इंग्रजांकडे आलं, पण पाद्री पोर्तुगीज राजाचेच. सिद्दीच्या हल्ल्यात त्याला मदत केल्याचा आरोप ठेवून इंग्रजांनी जेझुइटांच्या मुंबईतल्या जमिनी काढून घेतल्या. परळची त्यांची वास्तू पुढे गव्हर्नरचा बंगला झाली, आता तिथे हाफकिन संस्था आहे. १७२० मध्ये गव्हर्नर बूनने फ्रान्सिस्कनांना घालवून रोमहून आलेल्या कार्मेलाइट संघाला आणलं. रोमचा माणूस इंग्रजांना चालला, कारण तो लिस्बनचा नव्हता! मग दीड-दोनशे वर्षं एका शहरात दोन कॅथलिक सत्ता. हे चर्च गोव्याच्या आर्चबिशपचं, ते पोपच्या प्रतिनिधीचं. भक्त तेच, मिस्सा तीच, फक्त चावी कुणाकडे यावर मारामाऱ्या.

१९२८ मध्ये तोडगा निघाला तो असा, की मुंबईचा आर्चबिशप आळीपाळीने एकदा पोर्तुगीज आणि एकदा ब्रिटिश. ज्या शहरात टिळक-गांधींच्या सभा झाल्या तिथे हे ठरतंय! पहिला पोर्तुगीज लिमा, मग १९३७ मध्ये इंग्रज रॉबर्ट्स. रॉबर्ट्सने मात्र स्वतः बाजूला होऊन व्हॅलेरियन ग्रेशस यांना वाट करून दिली. १९५० मध्ये ग्रेशस आर्चबिशप झाले आणि तो करारही संपला.

मोडीवाचक

म्हणजे पोपला पाद्रोआदो नको होता?

खाजणबांध

देऊन बसले होते, परत घेता येईना. १६२२ मध्ये रोमने धर्मप्रसारासाठी स्वतःचं खातं काढलं, प्रोपागांदा फिदे. त्यांचा पहिला मोठा डाव म्हणजे मातेउश द कास्त्रु. दिवाडी बेटावरचा बामण मुलगा. गोव्यात आर्चबिशपने त्याला पाद्री करायला नकार दिला. गडी रोमला गेला, तिथे पाद्री झाला आणि १६३७ मध्ये थेट बिशप झाला आणि मग परत आला. गोव्यातल्या पोर्तुगीजांनी त्याला मानलं नाही. मग तो आदिलशाहीत डिचोलीला राहिला आणि तिथून पोर्तुगीजांविरुद्ध आदिलशहाचे कान भरू लागला. गोव्यातल्या ब्राह्मण ख्रिस्तींना उठावाचं आवाहन करणारं पत्रकही त्याने १६५३ मध्ये लिहिलं. कॅथलिक बिशप मुसलमान सुलतानाला सांगतोय की गोवा घे!

देशी पाद्र्याला वर चढू द्यायचं नाही हे संघांचं धोरण होतं. कारण सरळ आहे, गावचा पाद्री देशी झाला की चर्चचं उत्पन्नही त्याच्या हातात. बारदेशची चर्चं फ्रान्सिस्कन सोडायला तयार नव्हते ते काही नुसत्या भक्तीपोटी नाही.

टवाळ_कार्टा

संभाजी महाराजांच्या स्वारीत व्हाइसरॉयने संत फ्रान्सिस झेवियरच्या शवासमोर दंड ठेवला, ती गोष्ट खरी का?

पागोळी

खरी. १६८३, कोंद द आल्व्होर. मराठे जुवे बेटापर्यंत आले तेव्हा तो बाँ जेझुश चर्चमध्ये गेला, पेटी उघडायला लावली, राजाची सनद आणि आपला अधिकारदंड संताच्या हाती दिला आणि आता राज्य तुम्ही सांभाळा म्हणाला. पुढे शाहआलम मोगल फौज घेऊन कोकणात उतरला म्हणून महाराजांना परतावं लागलं. श्रेय मात्र संताला मिळालं. नंतरचे गव्हर्नर सूत्रं घेताना तिथे जाऊन तसाच विधी करू लागले. राज्यकर्त्याला अधिकार द्यायचा तो जेझुइटांच्या चर्चमध्ये, जेझुइटांच्या संताने. पैशापेक्षा ही मिळकत मोठी.

कुळागर

आणि त्याच जेझुइटांना १७५९ मध्ये पोर्तुगालचा मंत्री पोंबाल याने हाकललं. कुंकळ्ळीची गोष्ट इथे सांगायलाच हवी. १५८३ मध्ये कुंकळ्ळीकरांनी पाच जेझुइटांना मारलं. त्यात रुदोल्फ आक्वाविवा होता, अकबराच्या दरबारात राहून आलेला. बदला म्हणून गांवकरांना बोलणीसाठी असोळण्याच्या किल्ल्यात बोलावून मारलं आणि जमिनी जप्त. त्यांतली असोळणा, वेळी, आंबेली ही गावं जेझुइटांच्या हाती गेली. पावणेदोनशे वर्षं त्यांनी खाल्ली. १७५९ ला जेझुइट गेले. जमिनी गांवकरांना परत मिळाल्या का? नाही, सरकारी खजिन्यात जमा. धनी बदलला, कुळ तेच राहिलं.

पोंबालने देशी ख्रिस्तींना समान हक्क दिले (१७६१), त्याचं कौतुक होतं. पण कागदावरचे हक्क आणि हातातली पदं यांत अंतर होतं. दोन गोवेकर पाद्री, कौटो आणि गोन्साल्व्हिश, लिस्बनला गेले होते. कोडुंगल्लूर आणि मैलापूरच्या बिशपपदांवर त्यांची नजर होती. दोन्ही गेली पोर्तुगिजांना. परत आल्यावर १७८७ चा, पोर्तुगीज सत्तेविरुद्धचा पिंटोंचा कट. ४७ जणांना अटक, त्यांत १७ पाद्री. १५ जणांना देहदंड झाला, ते सगळे पाद्री नसलेले. पाद्र्यांना मात्र लिस्बनला नेऊन कोंडलं. कटात बरोबर, शिक्षेत वेगळे.

अर्नाळकर

संघ पूर्ण कधी बंद झाले?

खाजणबांध

१८३५. पोर्तुगालमध्ये उदारमतवादी जिंकले, त्यांनी पुरुषांचे सगळे संघ बरखास्त केले, गोव्यातही मालमत्ता सरकारजमा. जुनं गोवा तेव्हा आधीच ओस पडलं होतं, आता मठांना राखणारंही कुणी उरलं नाही. ऑगस्टिनियनांच्या चर्चचं छत १८४२ मध्ये कोसळलं. त्यांची घंटा आज पणजीच्या चर्चवर आहे. सांता मोनिकाच्या जोगिणींना मरेपर्यंत राहायची मुभा होती, नवी मुलगी घ्यायची नाही. शेवटची १८८५ मध्ये वारली. हे तेच कॉन्व्हेंट, जिथे मुलींबरोबर हुंड्यात एवढी मालमत्ता जायची की सतराव्या शतकात नगरसभेने राजाकडे तक्रारी केल्या होत्या.

संघ गेले, पण गावची चर्चं चालूच राहिली. माझा मूळ मुद्दा हाच. दुसरी थैली १८३५ ला फाटली. पहिली १९१० ला राजाबरोबर जायला हवी होती, पण प्रजासत्ताकानेही पाद्रोआदोवरचा हक्क सोडला नाही आणि १९४० मध्ये सालाझारने रोमशी नवा करार केला. तिसरी अजून आहे. १९६१ साली, पोर्तुगीज जायच्या काही महिने आधी केलेली कोमुनिदाद संहिता आजही लागू आहे.

मोडीवाचक

आता एक खवचट प्रश्न. नव्या काबिजातींत, फोंडा-सत्तरी-पेडण्यात, पोर्तुगिजांनी देवळांना हात लावला नाही, याचं श्रेय उदारतेला द्यायचं का?

कुळागर

अठराव्या शतकात तो मुलूख हाती आला तेव्हा धर्मांतराचा जोर ओसरला होता आणि सावंत-सौंदेकरांच्या प्रजेला दुखवून राज्य चालणार नव्हतं. पण पैशावरची नजर कुठे गेली? आधी १८८६ चे आणि मग १९३३ चे देवस्थानांचे नियम बघा. महाजनांची यादी सरकारने नोंदवली, हिशेब प्रशासकापुढे ठेवायचा, अंदाजपत्रकाला मंजुरी घ्यायची. महाजन कोण? ठरावीक घराण्यांतले पुरुष. देवळाच्या जमिनी कसणारे, पालखीला खांदा देणारे, दिवट्या धरणारे यादीत नाहीत. चर्चात गांवकरांना जे दिलं तेच देवळात महाजनांना. त्या यादीवरून आमच्या तालुक्यात दर दोन-चार वर्षांनी मामलेदारासमोर भांडण उभं राहतं आणि दोन्ही बाजू पोर्तुगीज कायद्यातलं कलम वाचून दाखवतात.